उतारावरचं घर

शहाद्यात मोटरहोम रस्त्याच्या कडेला लावली आणि पाच मिनिटांत भोवती माणसं जमली. पहिला प्रश्न: आत संडास आहे का? आहे म्हटल्यावर दुसरा फ्रिजचा, तिसरा एसीचा, चौथा भाड्याचा. भाड्याचा आकडा ऐकला की पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही.

आमचे मामा शिरपूरहून येऊन तिथे गाठणार होते. ते आले, मामींच्या हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि आत न डोकावता गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून मागच्या चाकांकडे पाहिलं. मग विचारलं, "गाडीनं वजन कितलं शे?"

"भरून साडेतीन टन."

"आनि जानं कोठे?"

"तोरणमाळला."

"म्हंजे उतरनंबी पडी," असं म्हणून ते आत जाऊन बसले. मामांचं आयुष्य आग्रा रोडवर ट्रक चालवण्यात गेलं. वर जाण्याचं कौतुक त्यांना फारसं नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता अशा गाड्या आपल्याकडेही भाड्याने मिळतात. त्यांच्या जाहिराती पाहिल्या तर पलंग दिसतो, शेगडी दिसते, खिडकीबाहेर तलाव दिसतो. ब्रेकबद्दल एक ओळ नसते. खरं तर गाडी आतून मिनीबसच असते. सांगाडा तोच, इंजिन तेच, ब्रेकही तेच. वर प्लायवूडची कपाटं, गाद्या, जास्तीच्या बॅटऱ्या, गॅसचं सिलिंडर आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी चढवलेली. मिनीबसमधली माणसं आपापल्या स्टॉपवर उतरून जातात. मोटरहोममधली कपाटं कधीच उतरत नाहीत. ही गाडी कायम भरलेली असते, रिकामी म्हणून परत येतानासुद्धा.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत रस्ता डोंगरात शिरतो आणि शेवटी सातपायरी घाटाची वळणं लागतात. आम्ही गेलो ते चैत्रात. खाली तापीकाठी डोकं भणाणून जाईल असं ऊन, डोंगरात पानझड झालेली, मोहाखाली सकाळी फुलं वेचणारी पोरं. वर यशवंत तलावाच्या काठाला रात्री चादर लागली. सीताखाई पाहिली, गोरखनाथाच्या देवळात जाऊन आलो. वरच्या मुक्कामाबद्दल एवढंच पुरे, कारण तो छान झाला, आणि छान झालेल्या मुक्कामांची वर्णनं सगळी एकसारखी असतात.

चढताना इंजिन तापतं. त्याचा काटा समोर असतो, पंख्याचा आवाज येतो, काटा वर सरकला की थांबता येतं. उतरताना जे तापतं त्याला आमच्या गाडीत तरी काटा नव्हता, आणि बहुतेक गाड्यांत नसतोच. ब्रेक किती तापले हे सांगायला दोनच गोष्टी असतात, नाक आणि पाय. नाकाला वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि पायाला कळतं तेव्हा त्याहून जास्त.

हिशोब सोपा आहे. साडेतीन टनांची गाडी हजार मीटर उंचीवरून खाली आणायची, तर जवळजवळ साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ती इंजिनाने आधी वर नेऊन ठेवलेली असते. पंचवीस अंशांचं शंभर लिटर पाणी उकळायला याहून थोडी कमीच ऊर्जा लागते. म्हणजे आमच्या गाडीतली सगळी टाकी तोरणमाळहून शहाद्यापर्यंत येता येता उकळली असती. एक लिटर डिझेल जाळलं तर साधारण तेवढीच उष्णता निघते. यातली काही हवा घेते, काही टायर घेतात, काही इंजिन घेतं, अर्थात आपण घेऊ दिली तर. उरलेली सगळी चार चाकांच्या आत, फिरत्या लोखंडाला घासून चाक थांबवणाऱ्या, हातात मावतील अशा लायनर आणि पॅडच्या तुकड्यांवर येते.

हळू उतरलं की उष्णता कमी होते, असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं नाही. उंची तेवढीच, वजन तेवढंच, म्हणून एकूण घालवायची ऊर्जाही तेवढीच. उलट वेगात उतरलं तर हवाच थोडा जास्त वाटा उचलते. हळू उतरल्याने मिळतो तो वेळ. तीच उष्णता वीस मिनिटांत द्यायची की पाऊण तासात, एवढाच प्रश्न असतो, आणि लोखंडाला वारा लागून ते निवायचं तर वेळ हाच एक उपाय आहे. शिवाय वेग दुप्पट झाला की अचानक थांबण्यासाठी चौपट ऊर्जा शोषावी लागते. आधीच तापलेल्या ब्रेकवर ते चौपट येऊन आदळलं की काय होतं, ते घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विचारावं.

मामांचा नियम सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा आहे: "गाडी ज्या गेरमा चढस, त्याच गेरमा उतारानी." दुसऱ्या गिअरमध्ये चढलात तर दुसऱ्यातच उतरा. इंजिन ओरडतं, शेजारी बसलेल्याला वाटतं काहीतरी तुटणार, पण तो आवाज म्हणजे ब्रेकच्या वाटणीची उष्णता इंजिन गिळतंय त्याचा. मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेकही असतो. धुराच्या वाटेत झडप बंद होते आणि इंजिन स्वतःच्याच श्वासाला अडून गाडी मागे खेचतं. आमच्या मिनीबसच्या सांगाड्याला तो नव्हता. त्यात डिझेल इंजिन. पेट्रोलच्या गाडीत पाय काढला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन गाडीला चांगलं धरून ठेवतं. साध्या डिझेलमध्ये ती पकड तेवढी नसते. म्हणून दुसरा गिअर टाकूनही अधूनमधून ब्रेक लावावाच लागतो.

तो कसा लावायचा, यावर मामांचं आणि माझं एकमत आहे. हलका पाय ठेवून बसायचं नाही. तसं केलं की लायनर सतत घासत राहतो आणि चाकाला निवायला क्षणही मिळत नाही. नीट दाबायचं, वेग दहाएक किलोमीटरने खाली आणायचा, पाय पूर्ण काढायचा, गाडीला पुन्हा थोडी धावू द्यायची. "दाब आनि सोड." मधल्या त्या सुटीत ड्रमला, म्हणजे लायनर ज्याला आतून घासतो त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, वारा लागतो.

आम्ही हे सगळं करत उतरत होतो. सातपायरीची वळणं संपली, रस्ता जरा मोकळा झाला, आणि मामींनी मागून विचारलं, "काय जळी ऱ्हायनं?" त्यांना वाटलं शेगडी चालू राहिली. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून वास घेतला आणि एकच शब्द म्हणाले, "लायनर."

तो वास एकदा घेतला की विसरत नाही. लायनर आणि पॅड ज्या राळेने बांधलेले असतात, ती फार तापली की तिच्यातून वायू सुटतो. तो वायू लायनर आणि लोखंड यांच्या मधे अडकला की पकड ढिली पडते. ड्रमचं दुखणं आणखी वेगळं. लोखंड तापून फुगतं, ड्रमचा घेर वाढतो, म्हणजे लायनरपासून तो लांब जातो. तुम्ही पूर्वीइतकंच पेडल दाबता, पण आत भिंतच मागे सरकलेली असते.

मी पेडल दाबून पाहिलं. ते नेहमीपेक्षा खाली गेलं आणि मऊ लागलं. मऊ पेडल ही वासाहून वाईट खबर. त्याचा अर्थ ब्रेक ऑइल कुठेतरी उकळलं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण वाफ दाबली जाते. ऑइलमध्ये वाफेचा बुडबुडा झाला की पाय त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो.

पहिल्या गिअरमध्ये घेतलं. इंजिन किंचाळलं, गाडी मात्र धरली गेली. पुढे थोडा सपाट तुकडा दिसत होता. मामा म्हणाले, लगेच उभी करू नको, सपाटीला हळूहळू चालू दे. हे पुष्कळांना उलटं वाटेल, पण ब्रेक थोडे तरी लागत असतील आणि पुढे सपाटी असेल तर ते बरोबर आहे. तापलेली गाडी एकदम उभी केली की वारा थांबतो आणि ड्रममधली उष्णता आत, ब्रेकच्या सिलिंडरकडे, ऑइलकडे सरकते. थांबल्यानंतर काही मिनिटं ऑइल उलट जास्त तापतं. ब्रेक अजिबात लागत नसतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा मिळेल त्या डोंगरकडेला गाडी घासून थांबवायची. आमच्यावर ती वेळ आली नाही.

थांबलो तेव्हा माझा हात सवयीने हँडब्रेककडे गेला आणि मामांनी तो वरच्यावर धरला. तापलेल्या ड्रमवर लायनर आवळून ठेवले की ते तिथेच चिकटायची, ड्रम वेडावाकडा व्हायची भीती असते. गाडी गिअरमध्ये ठेवली, चाकांना दगड लावले. तोवर मामी पाण्याची बादली घेऊन खाली उतरल्या होत्या. "पानी नको टाकू, डरम तडकी जाई!" मामा एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरून जाणारा मोटरसायकलवालाही थांबला. लाल तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदम गार केलं तर त्याला चीर जाते, मग तो ड्रम असो की डिस्क. त्यांनी बोटं बुडवून प्रत्येक चाकावर दोन थेंब शिंपडले. पुढच्या दोन्ही चाकांवर थेंब नुसते वाळले. मागच्या उजव्यावरही तसंच. मागच्या डाव्यावर पडताच चर्र झालं.

म्हणजे चारही ब्रेक तापले नव्हते, एकच पेटला होता. घाटाची उष्णता चौघांत वाटली गेली असती तर निभलं असतं. एक चाक मात्र आधीपासूनच अडकलेलं होतं, चढतानाही घासत आलं होतं, आणि उतरायला लागण्याआधीच तापून बसलं होतं. माझ्याकडे आता यासाठी लांबून तापमान मोजणारं पिस्तुलासारखं यंत्र आहे. डावं आणि उजवं यांत मोठा फरक दिसला की घाटाला दोष द्यायचा नाही, चाक उघडायचं. पण थेंबांनी उत्तर तेच दिलं होतं.

मग आम्ही थांबलो. वास पूर्ण जाईपर्यंत मामांनी गॅस पेटवू दिला नाही. गेल्यावर मामींनी कळण्याच्या भाकऱ्या टाकल्या, ठेचा होताच, कांदा फोडला. दार उघडं, आतून भाकरीचा खमंग वास, बाहेर पळसाची विरळ सावली. मोटरहोमचा खरा उपयोग मला त्या दोन तासांत कळला, वर तलावाकाठी नाही. मोटारीत ब्रेक तापले तर रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून घड्याळ बघायचं. इथे पाणी होतं, सावली होती, भाकरी होती, आडवं व्हायला गादी होती. या गाडीला कुठेही थांबता येतं, आणि ब्रेकला हवं असतं तेही तेवढंच.

आणि तरी मला घाई होती. हे मी त्याच गादीवर पडून मोजत होतो. संध्याकाळपर्यंत धुळं गाठायचं, दुसऱ्या दिवशी गाडी परत द्यायची, उशीर झाला तर जास्तीचं भाडं. घर पाठीशी बांधून हिंडणाऱ्या माणसाला घरी जायची ओढ लागावी, याचं मला हसू आलं. ओढ होतीच पण.

खान्देशात ही ओढ जरा जास्त धोक्याची आहे, कारण इथे घरी येणं म्हणजे बहुतेक वेळा उतरणं असतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधे तापी. इंदूरकडून या, बिजासन घाट उतरावा लागतो. संभाजीनगरकडून या, कन्नडचा घाट. मुंबई-नाशिककडून या, चांदवडजवळ राहुड घाट, आणि धुळं हाकेवर आलं की लळिंग. जाताना चढ सकाळी, ताज्या अंगाने, थंड गाडीने होतो. परत येताना माणूस थकलेला, गाडी तापलेली, अंधार पडायला आलेला, आणि घरचे दिवे खाली दिसत असतात. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो खरा, पण गिअर खाली टाकायचा कंटाळा येतो.

कन्नडच्या घाटाला जुन्या कागदांत औट्रम घाट म्हणतात, १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावावरून. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तिथे दरडी कोसळल्या, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर जड वाहनांना तो बंद झाला. आमच्या गाडीसारख्या हलक्या वाहनांना ती बंदी नाही. कागदावर हलकं असलेलं वाहन घाटात किती जड असतं, हे मात्र कागदाला माहीत नसतं.

भाकरी खाल्ल्यावर मामा बिजासनबद्दल बोलले. तरुणपणी इंदूरहून माल भरून येताना घाटात गाडी न्यूट्रल करून सोडायची पद्धत होती. शेठ खेपेला ठरावीक डिझेल द्यायचा, वाचलं ते ड्रायव्हरचं. न्यूट्रलमध्ये मैलभर गाडी सोडली की चहापाण्याचे पैसे सुटायचे. काही जण इंजिनही बंद करायचे. ट्रकला हवेचे ब्रेक. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि दर वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी. हवा ठरावीक दाबाच्या खाली गेली की पुढे काय, हे ते सांगताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. त्यांच्या ओळखीचे काही जण त्या घाटाने नेले. मामा न्यूट्रल करायचे का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याच घाटाखाली शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशकडून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या गाड्यांना धडकून तो रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसं गेली. त्यात रस्त्याच्या कडेला नुसती उभी असलेली माणसं होती. बातमीत "ब्रेक फेल" एवढे दोनच शब्द असतात. ब्रेक त्या क्षणी फेल होत नाही. तो वरून खाली येईपर्यंत मैलोन् मैल तापत आलेला असतो, आणि कुठल्या तरी एका वळणावर ते आपल्याला कळतं.

दोन तासांनी मामांनी पुन्हा थेंब टाकले. चर्र नाही. पेडल दाबून पाहिलं तर पूर्वीसारखं कडक. मला हायसं वाटलं, मामांना नाही. ते बरोबर होते. ऑइल निवलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल कडक लागतं, पण ते पाणी आतच असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं. नवीन डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. ओलावा पुरेसा मुरला की मानकानुसार डॉट ३ ची हमी १४० वर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. म्हणून गाडी चालो न चालो, दोनेक वर्षांनी ते बदलायचं असतं. एकदा उकळलेलं ऑइल पुन्हा उकळायला वेळ लावत नाही. उरलेला रस्ता आम्ही दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. मागे गाडी आली की बाजूला घेऊन तिला वाट दिली. मागचा हॉर्न वाजवतो म्हणून आपण वेग वाढवतो, ही घाटातली सर्वात महागडी भिडस्तपणाची सवय आहे.

धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका मिस्त्रीकडे चाक उघडलं. हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजून अडकली होती, लीव्हर खाली केला तरी मागचं डावं चाक पूर्ण सुटत नव्हतं. लायनर चकचकीत झालेला, सिलिंडरचं रबर कडक, ऑइल काळं. गाडीची सर्व्हिसची वही मी पानं उलटून पाहिली. एसीचा गॅस, गाद्यांची खोळ, बॅटरी, सोफ्याचं रेक्झिन, सगळ्याच्या तारखा होत्या. ब्रेक ऑइलची नोंद एकाही पानावर नव्हती. प्रवाशाच्या डोळ्यांना जे दिसतं त्याचीच देखभाल झाली होती.

मालकाला फोन केला. आधी म्हणाला, गाडी सर्व्हिस केलेलीच आहे. केबलचा फोटो पाठवल्यावर केबल, लायनर आणि रबरचे पैसे द्यायला तयार झाला. ऑइलचे नाही. "ते तुम्ही उकळवलंत ना," म्हणाला. मिस्त्री हसायला लागला, मामा नाही. वाद घालायला वेळ होता, पण डॉट ४ ची बाटली वाद घालण्याइतकी महाग नसते. पैसे मी दिले, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून नवीन ऑइल भरून घेतलं, आणि मिस्त्रीकडून मार्कर मागून बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर ठळक अक्षरात तारीख घातली. वहीत नाही लिहिली. वही गाद्यांसाठी आहे.